धोंड्याच्या सालचा ट्रकचा विमा

फाल्गुन शुद्ध द्वादशी, गुरुवार. होळी अगदी तोंडावर. स्थळ : तेलगावजवळ, ऊस वाहतूकदारांच्या आमच्या सहकारी संस्थेची पत्र्याची खोली.

हजर : संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत. माझी शेजारीण, एका ट्रकची मालकीण. परळीहून आलेला नवा विमा प्रतिनिधी. त्याच्या घरचं गॅरेज होतं, तिथं त्याला भाई म्हणत, म्हणून आमचाही तो भाई. आणि मी, एका ट्रकची मालकीण व संस्थेची सचिव.

गैरहजर : बाकी झाडून सगळे. कारण सगळ्यांच्या गाड्या पाणी वाहत होत्या. माझा नवरा त्यांतलाच एक.

त्या साली आमच्याकडे ऊस नव्हताच म्हटलं तरी चालेल. कारखान्याचा पट्टा फार लवकर पडला, म्हणजे गाळप आटोपलं, आणि आमचे ट्रक उभे राहिले. नुसता उभा ट्रक म्हणजे दारात बांधलेला हत्ती. मग टंचाईची कामं निघाली. ट्रकच्या हौद्यात लोखंडी टाकी बसवायची, धरणाच्या कडेला पंपावर भरायची आणि ठरवून दिलेल्या गावात जाऊन विहिरीत ओतायची. संस्थेनं सगळ्यांच्या वतीनं हे काम घेतलं आणि उसाच्या गाड्यांचे आठवड्याभरात टँकर झाले. गावोगावच्या खेपांचं वेळापत्रक मी बसवलं होतं. खोटं कशाला सांगू, दुष्काळ होता, तरी मला त्या कामाची लई हौस वाटत होती.

आता आमच्या इकडच्या दोन पद्धती सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिली : ट्रक बायकोच्या नावावर घ्यायचा. घरच्या लक्ष्मीच्या नावाची गाडी घाटात दगा देत नाही, अशी समजूत. त्यामुळे आबा सोडले तर आमच्या संस्थेच्या सभासद सगळ्या बायका, आणि सभेला येऊन बसणारे सगळे पुरुष. मी आणि शेजारीण तेवढ्या अपवाद. दुसरी : ट्रक पाडव्याला घ्यायचा, आणि त्याचा विमाही पाडव्यालाच करायचा. कारखान्याच्या आवारात गाड्या धुऊन उभ्या करायच्या, हार घालायचे, नारळ फोडायचे आणि त्याच मुहूर्तावर विम्याचे कागद घ्यायचे. ‘पाडवा ते पाडवा’ असंच सगळे म्हणत.

आधीचे प्रतिनिधी मुलाकडे पुण्याला राहायला गेले, म्हणून भाई नवा आला होता. पाडव्याच्या आधी ओळख करून घ्यावी, एवढ्याच हेतूनं. चहा झाला. मी गेल्या वर्षीच्या विम्यांची फाइल त्याच्यापुढे ठेवली. त्यानं पहिला कागद बघितला, दुसरा बघितला, आणि कप खाली ठेवला.

“ताई, हे सगळे आज रात्री बाराला संपतायत.”

“कसं काय संपतील?” आबा म्हणाले. “पाडव्याला काढलेत. पाडव्यापर्यंत हायत. पाडव्याला अजून पंधरा-वीस दिस हायत.”

“आबा, कंपनीला पाडवा कळत न्हाई. कंपनीला तारीख कळते.”

“मग इतकी वर्षं कसं चाललं?”

भाई पुन्हा कागद चाळू लागला. मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या वर्षीचं कपाटातून काढलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मागचा पाडवा मार्चात. औंदाचा एप्रिलात. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. शेजारीण माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं मागच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि एकदम ओरडली, “अगं, धोंडा!”

झालं! सगळं लख्ख दिसलं. एरवी प्रत्येक पाडवा मागच्यापेक्षा दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. त्यामुळे जुना विमा संपायच्या आत नवा हातात पडायचा, आणि कुणाला काही कळायचंच नाही. पण अधिक महिना आला, आमच्या भाषेत धोंडा आला, की पुढचा पाडवा लांब जातो. मग मधले दिवस गाडी विम्याशिवाय. त्याआधीच्या धोंड्याच्या सालांत काय झालं असेल ते वैजनाथालाच ठाऊक.

मी इतकी खूश झाले की टाळीच वाजवली. मग लगेच कपाटातून चेकबुक काढलं. कारण माझा नवरा दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत टाकी भरून निघणार होता, पाण्यानं डचमळणारी गाडी घेऊन, सिंगल रस्त्यावर, जिथं समोरून परळीच्या वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक येतात.

“आबा, सही करा,” मी संस्थेचं चेकबुक पुढे ठेवलं. चेकवर दोघांच्या सह्या लागत, त्यांची आणि माझी.

“आज?” आबा खुर्चीत मागे सरकले. “सचिवबाई, होळीच्या तोंडावर कुणी नवं काम करतं का? हे दिवस वाईट. पाडव्याला वाजतगाजत करू की. तवर गाड्या जरा सांभाळून चालवा म्हणावं.”

“सांभाळून चालवणाऱ्याला समोरचा सांभाळत न्हाई ना.”

“मग उभ्या करा.”

“आणि गावांनी काय प्यायचं?”

“तेबी खरं हाय,” आबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. आबांचं हे असं असतं. पटतं, पण पेन उचलत नाहीत.

भाईनं घड्याळ बघितलं. “आज केलं तर नुसती सही आन् चेक. एकदा का संपला, की प्रत्येक गाडी कंपनीच्या माणसाला दाखवावी लागंल. तो येणार, फोटो काढणार, मग विमा. तवर एखादी गाडी कुणाला लागली, तर कोर्टाचा कागद कुणाच्या नावानं येतो म्हाईत हाय का? मालकाच्या.” त्यानं आमच्या दोघींकडे बघितलं. “म्हंजे यांच्या.”

शेजारीण आबांच्या समोर जाऊन उभी राहिली. ती त्यांच्या भावकीतली, त्यामुळे तिला भीड नव्हती. “आबा, धोंड्यात जावई बोलवलाता का न्हाई?”

“बोलवलाता की.”

“अनारसे घातले? चांदीचं ताट दिलं?”

“दिलं. का?”

“जावयाला द्यायला तेरावा म्हैना मोजला, आन् आमच्या गाड्यांच्या वक्ताला कावून मोजत न्हाई?”

भाईला हसू आवरेना. आबांनाही. हसता हसता त्यांनी विचारलं, “पण मुहूर्ताचं काय करायचं?”

“कागद आज, नारळ पाडव्याला,” मी म्हटलं. हे कसं सुचलं माहीत नाही, पण त्या एका वाक्यावर आबांनी पेन उचललं. तेव्हापासून संस्थेचा तो नियमच झाला आहे.

चेक पर्समध्ये, फाइल काखेत. मी, शेजारीण आणि भाई त्याच्या जुन्या जीपमधून परळीला निघालो. शाखा बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. भाई गाडी हाणत होता आणि मी प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. इतकी वर्षं विमा म्हणजे पाडव्याला मिळणारा, पोलिसाला दाखवायचा एक कागद, एवढंच आम्हाला माहीत. आता विचारते आहेच, तर सगळंच विचारू.

“एक खिसा न्हाई ताई, तीन खिसे हायत,” भाई म्हणाला. “पहिला खिसा : आपल्या गाडीनं दुसऱ्या माणसाचं नुकसान केलं तर. हा कायद्यानं पाहिजेच. दुसरा : आपल्या गाडीचंच नुकसान झालं, चोरी झाली, जळाली तर. हा आपल्या मर्जीवर. लोक या दोघांना मिळून ‘फुल’ म्हणतात आन् निवांत झोपतात.”

“आणि तिसरा?”

“तिसरा, गाडी चालवणाऱ्याचा. दुसऱ्याला लागलं तर पहिला खिसा हाय. पण चालवणाऱ्यालाच लागलं तर? पगारी ड्रायव्हर आन् क्लीनर असंल तर त्यांच्यासाठी वेगळं सांगून घ्यायचं. मालक स्वतः चालवत असंल, तर मालकाच्या नावानं अपघाताचा विमा असतोच. पण त्याला अट हाय. गाडी ज्याच्या नावावर, लायसन त्याचंच पाहिजे.”

मला हे सगळं इतकं आवडत होतं! धान्य पाखडताना खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला होतात ना, तसं. मी मनातल्या मनात आमच्या गाड्या खिशांत टाकू लागले. आबांची गाडी : पगारी ड्रायव्हर, क्लीनर. त्यांचं वेगळं सांगायचं. पलीकडच्या वस्तीवरची गाडी : तसंच. मग माझी.

“भाई, गाडी माझ्या नावावर. लायसन माझ्याकडे न्हाई. चालवतो माझा नवरा. तो कुठल्या खिशात?”

भाईनं वेग कमी केला. “पगार देता त्यांना?”

शेजारीण हसून हसून पुढच्या सीटवर आपटली. “पगार! डिझेलच्या पैशातून तंबाखू घेतो म्हणून भांडण होतंय आमच्या घरी!”

“मग ताई,” भाई सावकाश म्हणाला, “मालक न्हाईत, पगारी न्हाईत. ते कुठल्याच खिशात न्हाईत. तुमचे बी,” तो शेजारणीला म्हणाला.

लक्ष्मीच्या नावावर गाडी घेऊन लक्ष्मीचा नवरा रस्त्यावर उघडा! आणि अशी बायकोच्या नावावरची गाडी स्वतः चालवणारे आमच्या संस्थेत किती तरी. मी विचारलं, “यावर तोड काय?”

“गाडी त्यांच्या नावावर करा.”

“ते एका दिवसात होत न्हाई. आज काय?”

“आज त्यांच्या स्वतःच्या नावानं वेगळा अपघात विमा. गाडीशी संबंध न्हाई, माणसाशी. फक्त त्यांची सही पाहिजे आन् व्यवसाय खरा लिहायचा.”

आजच्या खेपा दिंद्रुडकडच्या होत्या. वेळापत्रक मीच केलेलं, त्यामुळे नवरा या वेळी कुठल्या विहिरीवर असणार हे मला पाठ होतं. दिंद्रुड रस्त्यातच. मी म्हटलं, “भाई, डावीकडे घ्या.”

आमचा ट्रक विहिरीला पाठ लावून उभा होता. टाकीच्या नळाला जाड पाईप जोडलेला, पाणी धो धो विहिरीत पडत होतं. कठड्याभोवती बायका, पोरं, घागरी, हंडे, रांजणाची झाकणंसुद्धा. नवरा पाईप धरून उभा, गुडघ्यापर्यंत भिजलेला. मला बघून त्याला वाटलं घरी काही झालं.

“काय झालं? पोरं?”

“पोरं बरी हायत. सही पाहिजे.” मी जीपच्या बॉनेटवर अर्ज पसरला, नाव लिहिलं, वय लिहिलं. “व्यवसाय काय लिहू?”

“शेती,” तो म्हणाला. विचारल्याबरोबर, श्वास न घेता. आमच्याकडे कुठल्याही कागदावर हा रकाना आला की पुरुष शेती लिहितात. मग तो मास्तर असो, दुकानदार असो की पुढारी.

“अहो, ट्रक चालवता ना तुमी?”

“चालवतो. म्हणून काय ड्रायव्हर झालो का? सातबाऱ्यावर नाव हाय माझं. बापानं जमीन ठिवलीय, त्याला वर काय वाटंल?”

भाई पुढे झाला. “दादा, शेती लिहिलं आन् ट्रकवर काय झालं, तर कंपनी विचारंल, शेतकऱ्याच्या हातात ट्रक कुठून आला? धोक्याचं काम लपवलं म्हणतील. पैसे भरून बी हात रिकामे.”

“मग गाडी माझ्या नावावर करा. मालक लिहा.”

“करू. पण उद्या सकाळी खेप हाय, आन् तुमी आज कुठंच न्हाई,” मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण दोन-तीन बायका हंडे खाली ठेवून बघू लागल्या. मी तरातरा जाऊन केबिनचं दार उघडलं आणि आत चढले. “सही होईस्तोवर मी उतरत न्हाई. उद्या मी पण येते खेपेला.”

“अगं, खाली उतर. मागच्या म्हैन्यात तूच सांगितलंस, केबिनमध्ये जास्तीचं माणूस घ्यायचं न्हाई.”

“ते दुसऱ्यांना.”

“वा! नेम दुसऱ्यांना!” तो हसला, पण ‘शेती’ काही सोडेना.

शेजारणीनं पदर खोचला. “भावजी, औंदा शेतात काय निघालं?”

“तुमाला म्हाईत न्हाई का वैनी? धूळ.”

“मग धुळीचा विमा काढायचा का?”

“मस्करी करू नका.”

एवढ्यात विहिरीच्या कठड्यावरून एका म्हातारीनं हाळी दिली, “ए ड्रायव्हर! तिकडं गप्पा काय हाणतुस? पाईप निसटला बघ, पाणी मातीत चाललंय माय!”

आणि माझा नवरा पळाला. अर्ज, सातबारा, बाप सगळं टाकून पळाला. पाईप उचलला, विहिरीत सोडला, म्हातारीचा हंडा आधी भरून दिला. ती म्हणाली, “लई वाट बघितली रं बाबा सकाळधरनं. उद्या येणार का न्हाई?” तो म्हणाला, “येणार की, आजी.”

तो परत आला तेव्हा शर्टातून पाणी ठिबकत होतं. त्यानं माझ्याकडे हात केला. “आण इकडं.”

मी केबिनमधून उतरले. त्यानं पेन घेतलं आणि भाईला विचारलं, “दोन्ही लिहिलं तर चालंल का?”

“चालंल.”

“आधी शेती.”

“आधी चालक, दादा. जे रोज करता ते आधी.”

दोघांचं तिथं उभ्या उभ्या बाजारात बैल घेताना होतं तसं झालं. शेवटी नवऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं : ट्रक चालक व शेती. अक्षर ओल्या बोटांनी थोडं फुटलं, पण वाचता येत होतं. सही केली. मग म्हणाला, “आता निघा. शाखा बंद झाली तर मला बोलू नका.”

परळीपर्यंत शेजारीण तिच्या नवऱ्याला फोनवर हेच सगळं ऐकवत होती, जास्त मिरची घालून. त्यानं तिथल्या तिथं होकार दिला आणि परळीच्या नाक्यावर रिकामी टाकी उभी करून सहीला थांबला. माझ्या नवऱ्याला म्हातारीची हाळी लागली; त्याला बायकोचा आवाजच पुरला.

शाखेत पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या आवरत होता. खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी चेक बघितला, गाड्यांचे जुने कागद बघितले आणि विचारलं, “या गाड्या उसाच्याच कामाला आहेत ना?”

मी शेजारणीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. मी म्हटलं, “नाही. सध्या टाकी बसवलीय. पाणी वाहतात.”

भाई हळूच खोकला, बहुतेक उशीर होईल म्हणून. पण बाई म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. लेखी द्या, मी नोंद करून घेते. नंतर कुणी म्हणायला नको.” मी तिथंच संस्थेच्या कागदावर लिहून दिलं. पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर यांची नावं जोडली. दोन नवऱ्यांचे अर्ज दिले, आणि बाकीच्या नवऱ्यांच्या सह्या घरोघर जाऊन घ्यायला कोरे अर्ज पर्समध्ये घातले. शिक्के पडत होते, आणि प्रत्येक शिक्क्याला शेजारीण माझ्या मांडीवर चापट मारत होती. आबांना फोन लावला. ते म्हणाले, “झालं? सगळ्या गाड्यांचं?” सगळ्यांचं, मी म्हटलं. मग ते म्हणाले, “सचिवबाई, खरं सांगू का, दुपारपासून मला पाणी गोड लागत न्हाई. बरं केलंत.” आबा असं कधी बोलत नाहीत. मी फोनवरच हसायला लागले.

पावती घेऊन उठणार, तर खिडकीतल्या बाईंनी आणखी एक कोरा अर्ज पुढे सरकवला. “तुमचं काय? तुम्हीही रस्त्यावरच असता की. कुठून कुठून आलात आज?”

खरंच होतं. पंपावर जायचं, गावांत जाऊन खेपांची खात्री करायची, कधी जीप, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे. मी पेन काढलं. नाव लिहिलं. वय लिहिलं. आणि व्यवसायाच्या रकान्याशी पेन थांबलं.

गृहिणी? शेजारीण म्हणाली, “तेच लिही, सगळ्या लिहितात.” पण मग भाई म्हणाला होता तसं कंपनी विचारेल : गृहिणी मोटारसायकलवर पंपावर काय करत होती? शेती? जमिनीवर माझं नाव नाही. ट्रक मालक? मालक काय करतो, रोज? सचिव? संस्थेत मला पगार नाही.

“लवकर,” शिपाई म्हणाला.

“उद्या देते,” मी म्हटलं आणि अर्जाची घडी केली.

त्या उन्हाळ्यात आमच्या टाक्यांनी पावसाळा लागेपर्यंत पाणी वाहिलं. माझा नवरा दर साली आता न सांगता अर्जावर ‘ट्रक चालक’ आधी लिहितो. आमच्या संस्थेत ज्याची गाडी बायकोच्या नावावर आणि जो स्वतः चालवतो, अशा प्रत्येकाचा अर्ज मी घरी जाऊन भरून घेते, आणि कुणी ‘शेती’ म्हणालं की हसते. नवरा मात्र मलाच विचारतो, “तुझा रकाना भरला का गं?” त्यानं तीन-चार शब्द सुचवूनही झाले. एकही बसत नाही.

यंदाचे विमे करायला भाई उद्या सकाळी येणार आहे. सगळ्यांचे अर्ज तयार आहेत. माझा टेबलावर आहे : नाव आहे, वय आहे, सही आहे. व्यवसाय लिहायचा राहिला आहे.